विद्यापीठाचे पाठबळ विद्यार्थ्यापर्यंत वेळेवर कसे पोहोचते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या मुलीने नाशिक जिल्ह्यातील तालुक्याच्या ठिकाणी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच आहे. विद्यार्थ्याच्या यशासाठी विद्यापीठ प्रत्यक्षात काय करते आणि त्यातले तिच्यापर्यंत काय पोहोचेल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी संलग्न महाविद्यालयात शिकवले आणि बराच काळ विद्यार्थी विकास अधिकारी म्हणूनही काम केले, त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

योजनांची आपल्याकडे वाण नाही. खरी अडचण अशी आहे की जवळजवळ प्रत्येक योजना विद्यार्थ्याच्या अर्जापासून सुरू होते, आणि ज्या मुलाला किंवा मुलीला मदतीची सर्वांत जास्त गरज असते, तिलाच अर्ज कुठे करायचा हे सर्वांत उशिरा कळते. ज्यांच्या घरी आधीच कोणी पदवीधर आहे, त्या मुलांना सूचनाफलक कसा वाचायचा, कोणत्या खिडकीवर काय विचारायचे, मुदत टळली तर कोणाला भेटायचे हे घरीच समजते. त्यामुळे एखादे विद्यापीठ किती योजना चालवते हे मी फारसे विचारत नाही. मदत विद्यार्थ्यापर्यंत केव्हा पोहोचते आणि ती घेऊन त्याच्याकडे कोण जाते, हे विचारतो. माझ्या अनुभवात मुलगा किंवा मुलगी शिक्षणात टिकणार की गळणार, हे बहुधा पहिल्या सत्राच्या दोन-अडीच महिन्यांतच ठरत असते.

आधी रचना समजून घ्या. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांचे आहे. गणेशखिंडीच्या आवारातील विभागांमध्ये शिकणारे विद्यार्थी त्यातला छोटा भाग आहेत, बाकीचे सर्वजण संलग्न महाविद्यालयांत शिकतात. म्हणजे आपल्या मुलीला विद्यापीठ भेटेल ते महाविद्यालयाच्या रूपाने. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ असते. पूर्वी त्याला विद्यार्थी कल्याण मंडळ म्हणत. मंडळाच्या योजना महाविद्यालयात राबवण्यासाठी तेथील एका प्राध्यापकाकडे विद्यार्थी विकास अधिकाऱ्याची जबाबदारी दिलेली असते. प्रवेशानंतर पहिल्याच आठवड्यात त्या प्राध्यापकांचे नाव आणि त्यांच्या भेटीची वेळ मुलीने माहीत करून घ्यावी. त्यांच्याकडे वर्गही असतात, प्रात्यक्षिकेही असतात. म्हणून वेळ विचारून जाणे बरे.

या मंडळाच्या योजनांपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना. गरजू विद्यार्थ्याने दिवसाचे काही तास, जास्तीत जास्त तीन, महाविद्यालयातच काम करायचे आणि तासांच्या हिशोबाने मानधन घ्यायचे, असे तिचे स्वरूप आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणे, प्रयोगशाळेत साहित्याची मांडणी, कार्यालयातील नोंदी, बागकाम अशी ही कामे असतात. हजेरीपत्रक भरले जाते आणि रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. मानधन फार नसते. त्यातून खोलीचे भाडे, मेस आणि पुस्तके असा सगळा खर्च भागेल अशी अपेक्षा ठेवू नये. तरीही योजनेचे महत्त्व पैशापेक्षा मोठे आहे, आणि ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवायचे, आठवड्यातल्या सात दिवसांसाठी सात घरे धरायची, ही पुण्याची जुनी रीत होती. त्या रीतीने अनेकांची शिक्षणे झाली हे खरे आहे, परंतु ती दात्याच्या मर्जीवर चालत असे आणि जातीच्या मर्यादेत राहत असे. ज्यांना त्या घरांचा उंबरा ओलांडताच येत नव्हता, त्यांच्यासाठी ती नव्हतीच. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांना आश्रय दिला आणि बहुजन समाजाच्या मुलांना शहरात राहून शिकण्याची सोय झाली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. मुलांनी शेतात आणि वसतिगृहात राबावे, शिजवावे, एका पंक्तीला जेवावे आणि शिकावे, असा तिथला नियम होता. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ या वाक्याला असा कष्टाचा आधार आहे. शिकण्यासाठी कोणाच्या उपकाराखाली राहावे लागू नये, हा विचार त्यांनी संस्थेच्या रचनेतच उतरवला, आणि आजची विद्यापीठीय योजना त्यांचे नाव घेऊन चालते ती याच कारणाने.

प्रत्यक्षात आणखी एक गोष्ट घडते, जी कोणत्याही परिपत्रकात लिहिलेली नसते. ग्रंथालयात रोज दोन तास काम करणारी मुलगी ग्रंथपालांच्या ओळखीची होते. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे तिला कळते, वरच्या वर्गातल्या मुलांशी तिचे बोलणे होते, आणि ती चार दिवस दिसली नाही तर ‘ती का आली नाही?’ असे विचारणारे एक माणूस महाविद्यालयात तयार होते. वर्गात मोठ्या संख्येने मुले बसलेली असताना ही चौकशी प्राध्यापकाकडून नेहमी होत नाही. कमवा व शिकामधील मुले सहसा शिक्षण अर्धवट सोडत नाहीत असे मी वर्षानुवर्षे पाहिले, आणि त्याचे श्रेय मी मानधनाइतकेच या ओळखीला देतो. म्हणूनच या योजनेतील मुलांना केवळ झाडलोटीच्या कामावर पाठवणाऱ्या महाविद्यालयांशी माझे मतभेद आहेत. श्रमाला कमी लेखावे असे मी म्हणत नाही; परंतु ज्या कामातून विद्यार्थी पुस्तकांच्या, उपकरणांच्या आणि शिक्षकांच्या जवळ जाईल ते काम त्याला आधी द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. आपल्या मुलीने अर्ज केला तर कामाच्या पसंतीत ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा स्पष्ट शब्दांत मागावी.

आता शिष्यवृत्तीविषयी. हा पैसा राज्य शासनाचा किंवा केंद्राचा असतो, विद्यापीठाचा नव्हे. परंतु अर्जाचा प्रवास महाविद्यालयातून होतो, आणि तो कुठे अडतो हे पालकांनी नीट जाणून घेतले पाहिजे. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विद्यार्थी अर्ज भरतो, तो प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे आणि मग प्राचार्यांकडे पडताळणीला जातो, त्यानंतर संबंधित विभागाकडे. उत्पन्नाच्या दाखल्याचे वर्ष चुकले, नावातील एखादे अक्षर आधार कार्डाशी जुळले नाही, शिक्षणात एक वर्षाचा खंड आहे पण त्याचे प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही, अशा कारणांनी अर्ज दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याच्या लॉगिनवर परत येतो. मुलगी एकदा अर्ज भरून निर्धास्त होते, परत आलेला अर्ज तिला दिसत नाही, मुदत संपते आणि वर्ष हातचे जाते. पात्रता असूनही शिष्यवृत्ती न मिळालेली जी मुले माझ्यापुढे आली, त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत कारण हेच होते. म्हणून अर्ज भरल्यावर दर पंधरा दिवसांनी त्याची स्थिती पाहावी, बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची बँकेत जाऊन खात्री करावी, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण आपोआप होते असे गृहीत धरू नये.

आपण आपला सामाजिक प्रवर्ग लिहिलेला नाही, म्हणून मुख्य योजनांचा केवळ निर्देश करतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. ज्यांना जातीनिहाय शिष्यवृत्ती लागू होत नाही, त्यांच्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असून तिची मर्यादा आठ लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून भोजन, निवास आणि निर्वाहासाठीची रक्कम थेट खात्यात मिळते, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. २०२४ मध्ये मुलींचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ करण्याचा जो शासन निर्णय झाला, तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बी.एस्सी.लाही तो लागू आहे असे समजून पालक निश्चिंत राहतात आणि शुल्काची तरतूद करत नाहीत. आपण तसे करू नका. मात्र शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळीच संपूर्ण शुल्क मागू नये असे शासनाचे निर्देश आहेत, आणि महाविद्यालयाने तशी मागणी केल्यास नम्रपणे पण लेखी स्वरूपात त्यांकडे लक्ष वेधावे.

पैसा उशिरा येणे हे पैसा न येण्याइतकेच घातक असते, हे मला विशेष ठासून सांगावेसे वाटते. या संदर्भात अमेरिकेतील अटलांटा शहरातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे काम अभ्यासण्यासारखे आहे. किरकोळ रकमेची थकबाकी राहिल्यामुळे शेवटच्या टप्प्यातील विद्यार्थ्यांची नोंदणी रद्द होते, हे तेथील प्रशासनाच्या लक्षात आले. २०११ पासून त्यांनी अशा विद्यार्थ्यांना छोटी अनुदाने देणे सुरू केले, आणि त्यासाठी विद्यार्थ्याने अर्ज करण्याची वाट पाहिली नाही. कोणाची नोंदणी रद्द होणार आहे हे विद्यापीठाच्या नोंदींत दिसतच होते, म्हणून विद्यापीठच त्यांच्याकडे गेले. २०१२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची शैक्षणिक वाटचाल संगणकावर रोज तपासली जाऊ लागली आणि घसरणीचे चिन्ह दिसताच समुपदेशक स्वतः बोलावू लागले. सुमारे ३२ टक्केच विद्यार्थी सहा वर्षांत पदवीधर होत, असे २००३ मध्ये ज्या विद्यापीठाचे चित्र होते, तेथे हे प्रमाण दशकभरात ५० टक्क्यांच्या पुढे गेले. आपल्याकडील परिस्थिती, पैसा आणि मनुष्यबळ निराळे आहे हे मला मान्य आहे. परंतु विद्यार्थ्याने दार ठोठावण्यापूर्वी संस्थेने त्याच्याकडे जायचे, यासाठी महागडी यंत्रणा लागतेच असे नाही, कारण आपल्या महाविद्यालयांतही चिन्हे दिसत असतात.

ती कोणती, हे सांगतो. पहिल्या अंतर्गत चाचणीला गैरहजेरी हे सर्वांत विश्वासार्ह चिन्ह आहे. मुलगी वर्गात येते पण चाचणीला येत नाही, तेव्हा बहुधा तिला विषय समजत नसतो आणि ते उघड होण्याची लाज वाटत असते. दुसरे चिन्ह परीक्षा अर्ज वेळेत न भरणे. यामागे बरेचदा शुल्काची चणचण असते आणि विलंब शुल्काने ती आणखी वाढते. तिसरे म्हणजे प्रात्यक्षिकाच्या तासाला लवकर निघून जाणे. यात आळशीपणा असतोच असे नाही; गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. पाच वाजता सुटत असेल तर साडेपाचला संपणारे प्रात्यक्षिक तिला पूर्ण करताच येत नाही. मुलींच्या बाबतीत ही अडचण फार मोठी आहे. मासिक पासात विद्यार्थ्यांना भाड्याच्या एकतृतीयांश रकमेत प्रवास करता येतो, परंतु गाडीच नसेल तर पासाचा उपयोग नाही. महाविद्यालयाने आगार व्यवस्थापकांना पत्र देऊन गाडीची वेळ बदलून घेतल्याची उदाहरणे आहेत, आणि प्रात्यक्षिकांच्या तुकड्या करताना बाहेरगावच्या मुलींना सकाळची तुकडी देणे तर विभागप्रमुखांच्या हातात असते. हे मागावे लागते; मागितल्यावर सहसा मिळते.

शिकण्याच्या माध्यमाचा प्रश्न विज्ञान शाखेत सर्वांत तीव्र आहे. बारावीपर्यंत शिक्षक इंग्रजी पुस्तकातला धडा मराठीत समजावून देतात. महाविद्यालयात व्याख्यान, पुस्तक आणि उत्तरपत्रिका ही सगळीच इंग्रजीत येतात. मुलीला रसायनशास्त्र समजलेले असते, पण प्रश्नाचे उत्तर चार वाक्यांत मांडता येत नाही आणि गुण तेथे जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत परीक्षा लिहू द्यावी, असे विद्यापीठांना कळवले आहे. आपल्या विषयासाठी महाविद्यालयात काय सोय आहे हे परीक्षा विभागात विचारून घ्यावे. माझा स्वतःचा सल्ला असा की मराठीत विचार पक्का करावा आणि इंग्रजीत लिहिण्याचा सराव पहिल्या महिन्यापासून सुरू करावा. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात असतात; आठवड्याला दोन उत्तरे लिहून ती विषयशिक्षकांकडून तपासून घ्यावीत. विद्यार्थी विकास मंडळाच्या विशेष मार्गदर्शन योजनेतून अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी जादा तासही घेतले जातात, पण हे तास दिवाळीनंतर सुरू झाले तर त्यांचा निम्मा उपयोग जातो. ते ऑगस्टमध्येच सुरू व्हावेत, असे मी प्रत्येक बैठकीत मांडत आलो.

आपल्या भागात नव्या शैक्षणिक धोरणानुसारची श्रेयांक (क्रेडिट) पद्धत संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक असतात आणि ते शैक्षणिक श्रेयांक बँकेत मुलीच्या नावावर जमा होतात. त्यासाठीचे खाते तिने पहिल्याच सत्रात उघडावे. एखाद्या विषयात अपयश आले तरी नियमाने ठरवलेले किमान श्रेयांक असतील तर पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो, आणि राहिलेला विषय नंतर सोडवता येतो. पहिल्या सत्रातील ए.टी.के.टी. (विषय राहूनही पुढे जाण्याची ही सवलत) म्हणजे शिक्षणाचा शेवट, असे घरात कोणी म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. निकाल अनपेक्षित वाटला तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, ती विषयशिक्षकांना दाखवावी आणि त्यांचे मत घेऊन मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा. या अर्जांची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. याच पद्धतीत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. आजारपण किंवा नोकरी अशा खऱ्या अडचणीत ती उपयोगी आहे, मात्र स्थळ आले म्हणून मुलीचे शिक्षण थांबवण्यासाठी तिचा आधार घेतला जाऊ नये. बाहेर पडायचे की नाही हे मुलीनेच ठरवले पाहिजे.

मार्गदर्शक शिक्षकांबद्दलही दोन शब्द. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यमापनात विद्यार्थ्यांना मिळणारे पाठबळ आणि त्यांची प्रगती हा स्वतंत्र निकष असल्यामुळे बहुतेक महाविद्यालयांत प्रत्येक प्राध्यापकाकडे ठरावीक विद्यार्थी मार्गदर्शनासाठी सोपवलेले असतात. काही ठिकाणी ही केवळ फाईल असते: वर्षअखेरीस सह्या होतात आणि बैठका झाल्याचे नोंदवले जाते. काही ठिकाणी मात्र प्राध्यापकाला प्रत्येक मुलाचे गाव, घरची शेती आणि भावंडांचे शिक्षण माहीत असते. हा फरक कोणत्याही नियमाने मिटत नाही. पालकांना एक करता येते. पहिल्या पालक मेळाव्याला दोघांपैकी एकाने तरी अवश्य जावे आणि मार्गदर्शक शिक्षकांना भेटून मुलीची परिस्थिती मोकळेपणाने सांगावी. मजुरी बुडेल म्हणून पालक येत नाहीत, किंवा आपल्याला बोलता येणार नाही म्हणून संकोचतात. परंतु पालक एकदा भेटून गेलेल्या मुलाकडे शिक्षकाचे लक्ष राहते, हे मी अनेक सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

मन खचले, झोप उडाली, कोणाशी बोलावेसे वाटले तर टेली मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. हे तपशील मुलीच्या वहीत पहिल्या दिवशीच लिहून ठेवावेत. कोणाला अपंगत्व असल्यास लेखनिक आणि दर तासाला किमान २० मिनिटांचा जादा वेळ मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठीचा अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो.

शेवटी तक्रारीचा मार्ग, कारण तो बहुतेकांना माहीत नसतो. शुल्क, गुणपत्रिका, कागदपत्रे अडवून ठेवणे, शिष्यवृत्ती अर्जाला विलंब अशा बाबतीत प्रथम प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो अमान्य असल्यास पुढील १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. पोच घेतलेली प्रत या प्रत्येक टप्प्यावर लागते, म्हणून ती जपून ठेवावी. अर्जावर सही मुलीचीच असावी, आणि पहिल्या वेळी तिच्यासोबत आपण स्वतः जावे.